मोठी खिडकी

५ जानेवारी, रविवार

वन्संच्या मंडळाची सभा आज पहिल्यांदाच पडद्यावर भरली आणि अध्यक्षस्थान एका कुकरने भूषवलं.

साप्ताहिकाची वार्ताहर म्हणून नगरपालिकेच्या सभा लिहून लिहून हाताला वळण पडलंय, तेव्हा आधी तपशील. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. जन्मापासून ऐकू येत नाही. नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी, मुक्काम आमच्याच घरी. म्हणजे खरं तर मी त्यांच्या घरी. माझ्या आधीपासून त्या इथे आहेत. मंडळ बहिऱ्या बायकांचं. ते त्यांनी उभं केलं आणि अध्यक्षही त्याच. आजवर सगळ्याजणी दर रविवारी शाळेच्या एका वर्गात जमायच्या. ती इमारत आता पाडायला घेतलीय. शिवाय निम्म्याजणी मुलांबरोबर कुठे कुठे लांब राहायला गेल्यात. म्हणून हा पडदा.

जे ॲप घेतलं होतं त्याचा नियम असा की जो आवाज करील त्याची खिडकी मोठी होते आणि बाकीचे टपालाच्या तिकिटाएवढे होतात. तोंडाने बोलणाऱ्यांना हे ठीक आहे. इथे बोलणं हातांचं. वन्सं पोटतिडकीने काही सांगत होत्या, तिकिटाएवढ्या चौकोनात, आणि तेवढ्यात खाणावळवालीच्या स्वयंपाकघरात शिट्टी झाली. सगळ्यांच्या पडद्यावर तिचं स्वयंपाकघर पसरलं. ती स्वतः तिथे नव्हतीच, भाजी बघायला गेली होती. आम्ही सर्वजणी आदराने कुकरकडे बघत बसलो.

कुकर गप्प असला की खिडकी माझी. मी दुभाषी. एका मोठ्या विश्वस्त संस्थेचे कार्यवाह पाहुणे म्हणून आले होते आणि त्यांच्यासाठी बायकांचं बोलणं मी तोंडाने सांगत होते. म्हणजे हात हलायचे दुसरीचे आणि दिसायचे मी. त्यात वावगं काही नाही. अर्थ शेवटी माझ्याच तोंडून बाहेर पडत होता.

कार्यवाहांचा प्रस्ताव सरळ आहे. मंडळ त्यांच्या संस्थेत विलीन करा. आम्ही खोली देतो, कपाट देतो, सभा आम्ही चालवतो. निर्णय मार्चच्या सर्वसाधारण सभेत. वन्संना हे साफ नको आहे. पण सभा संपताना गालखळी म्हणाली, "असल्या सभा घ्यायच्या तर विलीन झालेलं बरं. निदान एका खोलीत बसून एकमेकींचे हात तरी दिसतील." बऱ्याचजणींनी माना डोलावल्या.

पडदा बंद झाल्यावर वन्सं काळ्या पडद्यासमोर बसून होत्या.

६ जानेवारी

काल लिहायचं राहिलं: गालखळी हे नाव मी ठेवलेलं नाही. ह्या बायका एकमेकींना खुणेची नावं देतात. गालाला बोट लावून फिरवलं की गालखळी. दोन तर्जन्या एकमेकींवर घासल्या की विणकरीण, जिच्या हातात चोवीस तास सुया असतात. मलाही नाव आहे. लग्नाच्या वर्षी वन्संनीच ठेवलं: ओठांपुढे चिमटी धरून ती भराभर उघडायची आणि मिटायची. मी त्याचा अर्थ 'वाणी' असा लावते. संस्कृत घेऊन एम. ए. झालेली सून घरात आली, त्याचा हा गौरव असावा. खाणावळवालीला एकदा अर्थ विचारला तर ती नुसती हसत सुटली.

९ जानेवारी

हे आज जेवताना आपण होऊन बोलले. ताईचं काम निघालं की ह्यांना कंठ फुटतो.

"दुसरं एक सॉफ्टवेअर आहे," म्हणाले. "सभेचंही आणि निरोपांचंही. आपल्याच घरी बसवता येतं."

"फुकट?"

"फुकट हा त्यातला लहान मुद्दा. आतलं सगळं उघडं आहे. नाही पटलं तर बदलता येतं."

"कुणालाही?"

"ज्याला जमेल त्याला."

"म्हणजे तुम्हाला."

"मला थोडं. बाकी विचारून."

हे बँकेत संगणकांची देखभाल करतात. नादुरुस्त यंत्राशी ह्यांचं जे सूत जमतं ते धडधाकट माणसाशी जमत नाही. बँकेने भंगारात काढलेलं एक यंत्र आमच्या कोठीच्या खोलीत साबणाच्या खोक्याशेजारी पडून होतं. संध्याकाळी त्याची धूळ झटकली गेली. त्याला सर्व्हर म्हणायचं असं कळलं. मी 'सेवक' सुचवलं.

"सर्व्हर," हे म्हणाले.

वन्सं दारात उभ्या राहून बघत होत्या. बहीणभावांचं लहानपणापासून एक खासगी बोलणं आहे, अर्धं भुवयांचं, अर्धं बोटांचं, आणि इतकं वेगात की मला त्यातले फक्त स्वल्पविराम कळतात. त्यांनी विचारलं आणि ह्यांनी खांदे उडवले, एवढं समजलं.

१२ जानेवारी, रविवार

घरच्या सॉफ्टवेअरवर पहिली सभा. प्रत्येकीने खिडकी उघडली की तळाशी सूचना यायची: 'तुमचा आवाज बंद आहे. तुमचं बोलणं कुणालाही ऐकू येत नाही.'

वन्संनी ती वाचली आणि हसू लागल्या. मग खाणावळवाली. मग विणकरीण, सुया मांडीवर ठेवून. गालखळीने त्या सूचनेचं चित्र काढून निरोपांच्या गटात टाकलं आणि खाली लिहिलं, 'कळवल्याबद्दल आभारी आहे.' ह्यांना कोठीच्या खोलीत काही बिघडलं असं वाटलं, धावत आले. एवढ्या बायका हसताना पाहून पुन्हा यंत्रापाशी गेले.

गंमत तेवढीच. ती सूचना जावी म्हणून सगळ्याजणींनी आवाज चालू केला. मोठी खिडकी इथेही आवाजामागेच धावते. आज कुकर नव्हता, पण गालखळीच्या शेजाऱ्याचं भिंतीला भोक पाडण्याचं काम चालू होतं. गालखळी बराच वेळ अध्यक्ष होती आणि तिला पत्ता नव्हता.

'तुम्ही आपापल्या पडद्यावर हवी ती खिडकी मोठी करून घ्या' असं मी सुचवलं. वन्सं म्हणाल्या, "मग एक इकडे बघणार, दुसरी तिकडे. मी कुणाशी बोलतेय ते मला कळायला नको?" मुद्दा बरोबर होता. मला नगरपालिकेत असे वाद ऐकायची सवय असल्यामुळे त्यात विशेष काही वाटलं नव्हतं, इतकंच.

१५ जानेवारी

हे सॉफ्टवेअर करणारी मंडळी जगभर पसरलेली आहेत आणि पगाराशिवाय काम करतात. त्यांचा एक फळा आहे, तिथे अडचण मांडायची. मांडणी माझ्याकडे आली, साहजिकच. तीन पानं लिहिली. आरंभी भाषा म्हणजे काय, मग वाणी आणि हस्तमुद्रा यांचा परस्परसंबंध, शेवटी नम्र विनंती. हे इंग्रजीत उतरवताना मधूनमधून उसासा टाकत होते.

संध्याकाळी उत्तर आलं. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही, नावाच्या जागी पाणघोड्याचं चित्र. 'सुंदर लिहिलं आहे. आता तीन ओळींत सांगाल का? तुम्ही काय करता, काय व्हायला हवं, काय होतं.'

मला थोडं लागलं. ह्यांनी फोन वन्संपुढे धरला. त्यांनी हातांनी सांगितलं, ह्यांनी लिहून घेतलं: 'आम्ही हातांनी बोलतो. बोलणारी मोठी दिसायला हवी. कुकर मोठा दिसतो.'

पाणघोड्याने हसरं तोंड पाठवलं. मग कुठल्या भागात काय बदलावं याची वाट सांगितली. ह्यांनी ती छापून कोठीत चिकटवली.

जाता जाता सॉफ्टवेअरची बटणं मराठीत करण्याचं काम मी मागून घेतलं. 'ध्वनिनिरोध', 'दृक्प्रक्षेपण', 'सभात्याग'. हे वाचून म्हणाले, "छान आहेत. पण सभेतून बाहेर कसं पडायचं ते लोकांना कळायला हवं." शेवटी 'आवाज', 'कॅमेरा', 'बाहेर' एवढंच उरलं. भाषेचा ऱ्हास असा घरातूनच सुरू होतो.

२६ जानेवारी, रविवार

ह्यांनी आवाजाची नाडी तोडून हालचालीची जोडली. आता ज्याच्या खिडकीत जास्त हालचाल त्याची खिडकी मोठी. तर्काला धरून होतं. हात हलले की बोलणं आलंच.

विणकरीण अध्यक्ष झाली. तिच्या सुया थांबत नाहीत आणि विणणाऱ्या हातांना बोलता येत नाही. त्यामुळे मंडळातली सर्वांत मुकाट बाई अर्धा तास पूर्ण पडद्यावर, एक बाही संपवताना. कुणीतरी तिला खुणावल्यावर तिने सुया ठेवल्या, तर खिडकी कुणाच्या तरी दारावरच्या पडद्याने घेतली, पडद्यानंतर पंख्याने. मग खाणावळवालीच्या मांजराने.

कार्यवाह पुन्हा आले होते. त्यांनी मला निरोप पाठवला, 'बाई, प्रयत्न स्तुत्य. पण हे असं चालायचं नाही. आमच्याकडे सुसज्ज सभागृह आहे.' खरं सांगायचं तर मलाही तेच वाटायला लागलं होतं. वन्संना बोलले नाही. त्यांना ते न बोलताच कळलं असावं, कारण चहा देताना कप त्यांनी नेहमीपेक्षा जोराने ठेवला.

२ फेब्रुवारी, रविवार

कार्यवाह सकाळी घरी आले, वन्संशी समक्ष बोलायला; बरोबर संस्थेचा एक मुलगा, फोनवर चित्रं टिपायला. गृहस्थ सालस आहेत. अंगावर कायम इस्त्रीचा सदरा, बोलताना दोन्ही हात मांडीवर. बोलणं वन्संशी, पण सारा वेळ बघत होते माझ्याकडे.

"तुमच्या मुखातून यांचं म्हणणं ऐकलं की कान तृप्त होतात," म्हणाले. "विलीनीकरणानंतर समन्वयक म्हणून आम्हाला तुमच्यासारखीच व्यक्ती हवी."

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

त्यांचं सगळं सांगून झाल्यावर मी वन्संना खुणांनी सांगितलं. वन्संनी उत्तर दिलं ते एका हाताच्या एका झटक्यात: नाही.

आता घरी आलेल्या पाहुण्याला, हातात चहाचा कप असताना, तोंडावर 'नाही' म्हणायचं? मी सांगितलं, "प्रस्तावामागचा सद्भाव वन्संना जाणवतो. तथापि काही बाबींचा साकल्याने विचार व्हावा असं त्यांना वाटतं." कार्यवाहांचा चेहरा उजळला. "अवश्य, अवश्य," म्हणाले आणि दोन बिस्किटं घेतली.

ते गेल्यावर वन्संनी विचारलं, "मी एकच शब्द बोलले. तू एवढा वेळ काय सांगत होतीस?"

"तोच. जरा सभ्यपणे."

वन्सं माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. ओठ वाचायची त्यांना सवय आहे, पण मी पटपट बोलते.

८ फेब्रुवारी

आज मंडळाच्या निरोपांच्या गटात कार्यवाहांचा संदेश आला. 'अध्यक्षांनी समक्ष भेटीत विलीनीकरणास तत्त्वतः संमती दर्शवल्याबद्दल संस्था त्यांची ऋणी आहे. सर्वसाधारण सभेत केवळ औपचारिक ठराव बाकी राहील.'

खाली धडाधड निरोप पडले. 'आम्हाला न विचारता?' 'रविवारी आम्हाला लढायला सांगतेस आणि घरी बोलावून हो म्हणतेस?' खाणावळवालीने नुसतं एक चित्र टाकलं, आमच्या दिवाणखान्यात कार्यवाह चहा पिताहेत त्याचं. ते त्यांनीच संदेशाबरोबर पाठवलेलं होतं. त्यात वन्संही आहेत, कडेला, हात अर्धवट वर. तो 'नाही'चा हात आहे हे मला माहीत आहे. चित्रात तो नमस्कार वाटतो.

मी स्वयंपाकघरात होते. दिवा दोनदा बंद-चालू झाला; वन्सं हाक मारतात ती अशी. वळले. त्यांचे हात अगदी सावकाश चालले होते, लहान मुलाशी बोलावं तसे.

"मी काय म्हणाले होते?"

"नाही."

"तू त्याला काय सांगितलंस?"

मी सांगायला गेले. सद्भावाला खूण सापडली. 'तथापि'ला कशीबशी सापडली. 'साकल्याने'ला काही केल्या सापडेना. मी हवेत एक मोठं वर्तुळ काढलं. वन्सं त्या वर्तुळाकडे बघत राहिल्या.

"हे मी म्हणाले?"

मी हात खाली घेतले.

"हे मी म्हणाले, असं तू त्याला सांगितलंस," त्या म्हणाल्या. ह्या वेळी तो प्रश्न नव्हता. मग त्या खोलीत गेल्या आणि एकेकीला समोरासमोर पडद्यावर बोलावून दुपारभर सांगत बसल्या. प्रत्येकीला तेच पहिल्यापासून. मी दारावरून दोनदा गेले. वन्संच्या मनगटांना दुखणं आहे. मधे थांबून त्या ती चोळत होत्या.

संध्याकाळी ह्यांना म्हटलं, "माझा हेतू वाईट नव्हता."

"नव्हताच."

"मग?"

"मग काही नाही. पण केलंस तू."

इतकं थोडक्यात कुणी बोलू नये.

९ फेब्रुवारी, रविवार

वन्संनी गटात जाहीर केलं: सर्वसाधारण सभेला दुभाषी नसेल. बोलायचं ते हातांनी, ज्यांना हातांनी येत नाही त्यांनी लिहावं.

म्हणजे मी नाही. आजची सभा दुसऱ्या खोलीत चालू असताना मी पालिकेच्या गटारांवरची बातमी पुरी केली. उत्तम झाली. संपादकांनी फक्त दोन विशेषणं काढली.

मला एवढंच वाटतं की माणसाने रागाच्या भरात उपयोगाची वस्तू फेकून देऊ नये.

१३ फेब्रुवारी

तोडगा वन्संनी काढला आणि तो इतका साधा आहे की मला तो आधी सुचायला हवा होता.

वर्गात जमायच्या तेव्हा त्यांची एक रीत होती. मी ती कित्येकदा पाहिलीय, पण रीत म्हणून कधी पाहिली नव्हती. जिचं बोलणं संपलं ती तळहात उघडून पुढचीकडे करते: आता तू. खोलीतले सगळे डोळे त्या तळहातामागून तिकडे वळतात. कुणाला बोलायचं असेल तर हात वर धरून थांबायचं. बोलणारी जिला देईल तिची बारी. दुसऱ्या कुणाला ती हिसकावता येत नाही.

जेवणाच्या टेबलावर वन्संनी हे ह्यांना सांगितलं. ह्या वेळी मुद्दाम सावकाश, मलाही कळेल असं. "त्या यंत्राला आवाज कळायला नको. हालचाल कळायला नको. त्याने ओळखायलाच नको कोण बोलतंय. आम्ही सांगू."

ह्यांनी घास हातात धरून विचार केला. "म्हणजे यंत्र काही ठरवणार नाही."

"तुझी बायको तरी कुठे ठरवायची थांबत होती," वन्सं म्हणाल्या. हे हसले. मलाही हसावं लागलं. चार दिवसांनी त्यांनी माझी चेष्टा केली होती आणि मला ते इतकं बरं वाटलं की मी भात पुन्हा वाढून घेतला.

एकच बटण. दाबलं की आपल्यापुढे सगळ्यांच्या खिडक्या येतात, एकीवर बोट ठेवायचं, सर्वांच्या पडद्यावर ती मोठी. नावासाठी मी 'वाक्प्रदान' हा शब्द ठेवला.

वन्संनी मान हलवली. "आता तू," म्हणाल्या. बटणावर तेच लिहिलंय.

१९ फेब्रुवारी

पाणघोड्याने ह्यांचं काम बघितलं. दोन ठिकाणी चुका दाखवल्या, एका ठिकाणी 'हे आम्हाला कधी सुचलंच नाही' असं लिहिलं. हा बदल आता मूळ सॉफ्टवेअरमध्येच घेणार आहेत, म्हणजे जगात कुणीही ते उतरवून घेतलं की त्यात आमच्या वन्संची रीत असेल. एका गायकवृंदाने आधीच विचारणा केलीय म्हणे. हे ही बातमी सांगताना कोठीतून बाहेर आले, पुन्हा आत गेले, पुन्हा बाहेर आले. ह्यांच्या मानाने हा आनंदोत्सव.

२३ फेब्रुवारी, रविवार

बटणाची पहिली सभा. ह्यांच्या खांद्यावरून मी कोठीतल्या पडद्यावर पाहिली, आमंत्रण नसताना.

सुरुवातीला सगळ्याजणी बटण दाबायला विसरत होत्या. तळहात पुढे करायच्या, मग स्वतःच्याच कपाळावर मारून घ्यायच्या आणि बटण शोधायच्या. हळूहळू बसलं. मग मोठी खिडकी एकीकडून दुसरीकडे जायला लागली, वर्गात जायची तशी, आणि सगळ्यांचे डोळे बरोबर.

विणकरणीने सुया बाजूला ठेवल्या आणि हात वर केला. तिला बोलताना मी क्वचितच पाहिलंय. ती म्हणाली, "सभेत मी बोलायचं सोडलं होतं. मी एक सांगते आणि त्याची चार वाक्यं होऊन माझ्यासमोरून जातात. त्यातलं माझं कुठलं ते कळत नाही."

ही तक्रार बहुधा कार्यवाहांबद्दल असावी. हे मात्र वळून माझ्याकडे बघत होते, कशाला कोण जाणे.

गालखळी अजून विलीनीकरणाच्या बाजूची आहे. चांगलं बोलली. पडदा बरा आहे, पण सगळ्यांची घरं गर्दीची, कुणाला दार लावून बसायला खोली नाही, नवरे मागून येरझारा घालतात. खोली ही खोली असते. बऱ्याचजणींना पटलं. वन्संनाही ते खोडता आलं नाही. नऊ मार्चला मत कुठे जाईल, आज सांगता येत नाही.

२ मार्च, रविवार

वन्संकडे गेले आणि म्हटलं, मला नीट शिकवा. आजवर मी काय करत होते, असा प्रश्न त्यांनी विचारला नाही. माझी कोपरं धरून खाली आणली. "तू व्यासपीठावरून बोलतेस," म्हणाल्या. "समोरच्याशी बोल." मग एक लहान वाक्य दिलं, ते मी चुकवलं. दुसरं दिलं, तेही.

नववं चुकल्यावर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. लागली नाही.

९ मार्च, रविवार

सर्वसाधारण सभा. कार्यवाह पाहुणे, मीही पाहुणी. दोघांच्या खिडक्या सारख्याच, शेवटच्या ओळीत. हे कोठीत यंत्रापाशी. वन्सं त्यांच्या खोलीत, मी माझ्या. आवाज आवाजात मिसळायची भीती इथे नाही, पण एकाच पडद्यात दोघींचे हात मावत नाहीत.

कार्यवाहांनी आपलं म्हणणं निरोपांच्या चौकटीत लिहून टाकलं होतं. सगळ्यांनी वाचलं. गालखळी बाजूने बोलली, खाणावळवाली विरुद्ध, एक नवी मुलीसारखी दिसणारी सभासद दोन्ही बाजूंनी. वन्सं सर्वांत कमी बोलल्या. "खोली हवी आहे. ती मागू. मंडळ द्यायचं नाही." गालखळीने विचारलं, "आणि मंडळाशिवाय खोली देणार नाहीत तर?" "माहीत नाही," वन्सं म्हणाल्या. बारी त्यांनी खाणावळवालीला दिली.

तेवढ्यात माझ्या कानात कार्यवाहांचा आवाज आला. त्यांनी आपला आवाज चालू केला होता. पडद्यावर काहीही हललं नाही. त्यांची खिडकी तिकिटाएवढीच, तोंड हलणारी.

"बाई, तुम्ही आहात ना? जरा यांना सांगा, हा ठराव केवळ उपचाराचा आहे. बाकी तपशील आपण दोघं मागाहून ठरवू. यांना सगळंच समजायला हवं असं नाही, नाही का?"

ते हसून बोलले. वाईट माणूस नाही. माझ्याशी बोलतात तसंच बोलले, जसं गेले दोन महिने बोलत आलेत आणि मी 'हो ना' म्हणत आलेय. सभेत ते फक्त मला ऐकू आलं. कोठीत ह्यांनाही आलं असेल.

"बाई? ऐकू येतंय ना?"

माझं बोट आवाजाच्या बटणावर गेलं होतं. त्यांना काय उत्तर द्यायचं तेही तयार होतं. सौम्य, दोन्ही बाजूंना पेलेल असं. चांगलं वाक्य होतं. मी बोट काढलं आणि हात वर केला.

थांबावं लागलं. खाणावळवालीचं संपायचं होतं. कार्यवाह मधे आणखी एकदा "बाई" म्हणाले. मग खाणावळवालीने वन्संना बारी दिली आणि वन्संनी पडद्यात कुठेतरी बघितलं, म्हणजे माझ्या खिडकीकडे, आणि मी एकदम मोठी झाले. माझं घाबरलेलं तोंड मलाच पूर्ण पडद्यावर दिसलं.

कोपरं खाली घेतली. म्हटलं: "पाहुणा आत्ता बोलला. तोंडाने. माझ्याशी. तो म्हणाला, ठराव नुसता दाखवायला. बाकी तो आणि मी नंतर ठरवू. तो म्हणाला, तुम्हाला सगळं समजायला नको."

अडखळत झालं. 'नंतर'ची खूण उलटी केली, ती पुन्हा केली. विणकरणीने हात वर केला, मी तळहात पुढे करायला विसरून नुसतंच बटण दाबलं. ती म्हणाली, "शेवटचं पुन्हा."

बारी परत माझ्याकडे. मी शेवटचं पुन्हा सांगितलं. तितकंच.

कार्यवाहांना काही कळलं नव्हतं. माझे हात त्यांना दिसत होते, ते मान डोलावत होते. वन्संनी चौकटीत लिहिलं: 'तुम्ही आता जे बोललात ते सर्वांना सांगण्यात आलं आहे. उत्तर द्यायचं असल्यास हात वर करून थांबावं.' त्यांनी ते वाचलं. चेहरा बदलला. त्यांनी हात अर्धवट वर केला, मग खाली घेतला आणि खिडकी बंद झाली. मला त्यांचं वाईट वाटलं. उद्या फोन करीन.

मत घेतलं. एकीने एकीला बारी देत, प्रत्येकजणीने पूर्ण पडद्यावर येऊन हो किंवा नाही. गालखळी म्हणाली, "हो. मला खोली हवीच आहे, तो माणूस कसाही असो." आणखी दोघी तिच्यासारख्या. बाकीच्यांचा एका हाताचा एक झटका. वन्सं शेवटी. त्यांचा 'नाही' आज नमस्कारासारखा दिसत नव्हता.

मला वाटलं सभा संपली. पण पुढचा विषय निघाला: रविवारची वेळ बदलायची का. ह्यावरून जे रण माजलं त्यापुढे विलीनीकरण काहीच नाही. बारी इतक्या वेगाने फिरत होती की मला निम्मंही कळेना. खाणावळवाली कशावरून तरी भयंकर चिडली, गालखळी कशावर तरी लोटपोट हसली. कुणी थांबून मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, बघत बसले.

मधेच वन्संनी मला बारी दिली. "तुला किती वाजता जमेल?"

मला कुणी विचारील असं वाटलं नव्हतं. म्हटलं, "चार."

खिडकी पुढे गेली. खाणावळवाली म्हणाली, चारला तिच्याकडे चहाची गर्दी असते. विणकरीण म्हणाली, चार ही काही वेळ नव्हे. गालखळीने तर कारणही दिलं नाही. माझी सूचना फेटाळण्यात आली आणि पाच वाजता असं ठरलं.